वरून खरपूस, पण आतून शिजलंय का? – अंगणात सॉसेज भाजण्याआधी एवढं वाचा



हडपसर, मांजरी, फुरसुंगी, शेवाळेवाडी या भागातल्या गटांच्या बैठकांमध्ये हप्ते झाले, बचतीचं रजिस्टर लिहून झालं की चहाच्या वेळी हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "मॅडम, पोरं ते सॉसेज मागतात. मोबाईलवर बघतात, मॉलमध्ये बघतात. घरी शेगडीवर भाजता येतं का?" मगरपट्टा, अमनोराच्या सोसायट्यांमध्ये कामाला जाणाऱ्या ताईंनी तिथल्या गच्चीवरच्या पार्ट्या पाहिलेल्या असतात. आणि ज्या गटांना हिवाळ्यात हुरडा पार्टीच्या ऑर्डरी मिळतात, त्यांना गिऱ्हाईक आता विचारतं, "हुरड्याबरोबर काहीतरी नॉनव्हेज भाजून मिळेल का?"

उत्तर आहे, हो, येतं. निखाऱ्यावर भाजणं आपल्याला नवीन नाही. वांग्याचं भरीत, कणीस, रताळं, हुरडा, सगळं आपण धगीवरच करतो. पण वांगं आतून थोडं कच्चं राहिलं तर फार तर भरीत बिघडतं. सॉसेज आतून कच्चं राहिलं तर घरातलं लेकरू दवाखान्यात जाऊ शकतं. सगळा फरक इथेच आहे, म्हणून हा लेख.

सॉसेज म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर मसाला घातलेला खिमा, नळीसारख्या पातळ आवरणात भरलेला. आपल्याकडे जास्त करून चिकनचं मिळतं. पूर्वी हे आवरण म्हणजे मेंढी किंवा डुकराचं स्वच्छ केलेलं आतडं असायचं. आता बऱ्याच ठिकाणी कारखान्यात तयार केलेलं आवरण वापरतात. काही आवरणं खाता येतात, काही सोलून टाकायची असतात.

हा पदार्थ अगदी परका आहे असंही नाही. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासून डुकराच्या मांसाचं चोरीस करतात. त्यात मीठ, व्हिनेगर, लाल मिरची, लसूण भरपूर घालतात आणि माळेसारखं टांगून उन्हात, धुरात वाळवतात. म्हणजे ते एका अर्थाने वाळवणच झालं. आपण सुकट, बोंबील पावसाळ्यासाठी ठेवतो तसं.

पण दुकानातल्या फ्रीजरमध्ये मिळणारं चिकन सॉसेज असं वाळवण नाही. त्यात पाणी भरपूर असतं. ते टिकतं ते फक्त थंडीमुळे. थंडी गेली की कच्च्या चिकनसारखंच खराब व्हायला लागतं. "पाकीटबंद आहे, टिकेल" असं समजून ते फडताळात ठेवू नका.

खिम्याला जास्त का जपायचं?

मटणाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात. बाहेरून नीट भाजलं की ते मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचा भाग आत आणि आतला बाहेर असं सगळं एकत्र होतं. त्यामुळे जंतू अगदी मधोमध जाऊन बसतात. चिकनचं तर आणखी वेगळं. त्यात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात, म्हणून ते तुकडा असो की खिमा, आतपर्यंत शिजलंच पाहिजे. या जंतूंमुळे जुलाब, उलट्या, ताप, पोटात कळा येतात. मोठ्या माणसाला दोन-चार दिवस त्रास होतो. पण लहान मूल, गरोदर बाई, म्हातारी माणसं, शुगर असलेली माणसं यांना तेच जड जातं.

जंतू मरायला आतलं तापमान किती लागतं? चिकनसाठी ७४ अंश सेल्सिअस. मटण किंवा डुकराच्या खिम्यासाठी ७१ अंश. आणि निखाऱ्यावर गंमत अशी होते की बाहेरची साल दोन मिनिटांत काळी पडते, तेव्हा आतला खिमा नुसता कोमट असतो. वरचा रंग बघून आपण फसतो. म्हणून वरच्या रंगावर जाऊ नका, आत काय चाललंय ते बघा.

पाकीट घेताना पाच गोष्टी वाचा

वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा दुकानदाराला वाचायला सांगा. त्यात लाजायचं काही नाही.

१. कच्चं आहे की आधी शिजवलेलं? काही सॉसेज कारखान्यातच शिजवलेली असतात, घरी फक्त गरम करायची असतात. काही पूर्ण कच्ची असतात. दोन्हींची पद्धत वेगळी आहे. कळलं नाही तर कच्चं आहे असंच समजून शिजवा.

२. वापरायची शेवटची तारीख.

३. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक आणि मांसाहाराची खूण, म्हणजे तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण.

४. कशाचं मांस आणि आवरण कशाचं. आपल्या गटात सगळ्या धर्माच्या ताई आहेत. कोणी डुकराचं खात नाही, कोणी गाईचं, कोणाला हलाल लागतं. पाहुण्याला खाऊ घालण्याआधी हे बघणं ही साधी माणुसकी आहे.

५. आवरण सोलायचं आहे का. तसं लिहिलं असेल तर भाजण्याआधी सोला.

पाकीट हाताला दगडासारखं कडक लागलं पाहिजे. आत बर्फाचा मोठा गोळा असेल किंवा पाकीट मऊ लागलं तर ते मध्ये विरघळून पुन्हा गोठवलेलं असू शकतं. ते परत ठेवा. बाजारहाट करताना हे पाकीट सगळ्यात शेवटी घ्या आणि कापडात किंवा कागदात गुंडाळून थेट घरी आणा.

घरी आणल्यावर

लगेच करणार नसाल तर फ्रीजरमध्ये ठेवा. आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं की सकाळपर्यंत सुटं होतं. घाई असेल तर पाकीट न फोडता थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ओट्यावर दिवसभर ठेवून सुटं करू नका. बाहेरचा भाग आधी गरम होतो आणि आतला बर्फ वितळेपर्यंत बाहेर जंतू वाढत बसतात.

५ ते ६० अंश हे जंतूंचं आवडतं हवामान. या गरमीत कच्चं किंवा शिजलेलं मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. एप्रिल-मे महिन्यात हवाच ३२ अंशांच्या वर असते, तेव्हा एकच तास.

लाईट गेली तर? फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. त्यापेक्षा जास्त वेळ लाईट नसेल आणि खालच्या कप्प्यातलं मांस कोमट लागत असेल तर ते टाकून द्या. पैसे गेल्याचं वाईट वाटतं, मलाही कळतं. पण सलाईनचा खर्च त्याहून मोठा असतो.

दुकानातलं नको असेल तर घरचं करा

आवरण नसलं तरी चालतं. १ किलो चिकन खिम्याला साधारण १५ ग्रॅम मीठ, आलं-लसूण-हिरवी मिरचीचं वाटण, कोथिंबीर, एक कांदा बारीक चिरून घट्ट पिळून, आणि तीन-चार चमचे डाळ्याचं पीठ. कांद्याचं पाणी पिळलं नाही तर मिश्रण सैल होतं. चांगलं चिकट होईपर्यंत मळा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा. थंड मिश्रण नीट बांधून येतं, सळईवरून गळून पडत नाही.

मीठ-तिखट बघायला कच्चा खिमा जिभेवर ठेवू नका. छोटीशी टिक्की तव्यावर पूर्ण भाजा आणि मग चव बघा.

मग बोटाएवढ्या जाडीच्या लांबट वळकट्या करा, केळीच्या पानात गुंडाळा आणि मोदकासारख्या १५ ते २० मिनिटं वाफवा. पान काढलं की भाजायला तयार. याला सॉसेज म्हणा नाहीतर कबाब म्हणा, मुलांना दोन्ही आवडतं. आत काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं, हा त्याचा मोठा फायदा.

शेगडी कशी मांडायची?

महागडी बार्बेक्यू लागत नाही. लोखंडी शेगडी असेल तर उत्तम. नसेल तर लोखंडी घमेलं आणि चार विटा पुरतात. घमेल्यात कोळसा, दोन्ही बाजूंना विटा, वर जाळी. जाळी निखाऱ्यापासून साधारण एक वीत उंच असावी. मात्र जाळी कुठलीही घेऊ नका. कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा खिडकीला लावतात ती चकचकीत मुलामा दिलेली जाळी जस्ताची असते. तापली की तिचा धूर घातक असतो. स्टीलची किंवा साध्या लोखंडाची, रंग न दिलेली जाळी वापरा.

कोळसा पेटवायला रॉकेल, पेट्रोल नको. प्लॅस्टिकची पिशवी नको. बांधकामावरचं प्लाय, रंगाची लाकडं तर अजिबात नकोत. सगळा विषारी धूर खाण्याला लागतो. वाळक्या काटक्या, नारळाची शेंडी, कागद पुरे.

आता महत्त्वाचं. ज्वाळेवर भाजायचं नाही, निखाऱ्यावर भाजायचं. कोळसा पेटल्यापासून २५-३० मिनिटं थांबा. वर पांढरी राख धरली, ज्वाळा बसली की मगच जाळी ठेवा. हुरड्याच्या आगटीला आपण जशी गोवऱ्यांची आग बसू देतो, तसंच.

निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला जवळजवळ मोकळं. म्हणजे एक गरम बाजू आणि एक मंद बाजू मिळते. काही जळायला लागलं की मंद बाजूला सरकवता येतं. धग बघायला जाळीच्या वर एक वीत अंतरावर तळहात धरा. चार-पाच आकडे मोजेपर्यंत सहन झालं तर धग बरोबर आहे. दोन आकड्यांतच हात काढावा लागला तर फार कडक आहे, थोडं थांबा.

आधी पाण्यात, मग धगीवर

कच्च्या सॉसेजसाठी ही सगळ्यात खात्रीची पद्धत.

१. पातेल्यात सॉसेज बुडतील इतकं पाणी गरम करा. खळखळ उकळी नको, कडेने बारीक बुडबुडे यायला हवेत.

२. सॉसेज सोडा आणि १२ ते १५ मिनिटं मंद आचेवर ठेवा. खळखळ उकळलं तर आवरण फाटतं.

३. काढून पाणी निथळू द्या, वरून तेलाचं बोट फिरवा.

४. लगेच जाळीवर ठेवा. आधी मंद बाजूला, मग गरम बाजूला. सारखं फिरवत राहा. सहा-सात मिनिटांत चारी बाजूंनी खरपूस होतं.

आधीच शिजवलेलं सॉसेज असेल तर पाण्याची गरज नाही. मध्यम धगीवर आठ-दहा मिनिटं फिरवत भाजा, आतून वाफ येईपर्यंत.

भाजताना काट्याने टोचू नका. आत पाणी आणि चरबी असते, तीच त्याचा मऊपणा. भोक पडलं की रस गळतो, सॉसेज सुकं होतं आणि चरबी निखाऱ्यावर पडून भडका उडतो. चिमटा वापरा. भडका उडालाच तर त्यावर पाणी ओतू नका, जळती चरबी उडते. चिमट्याने सॉसेज बाजूला घ्या, भडका आपोआप बसतो.

अर्धं घरी शिजवून ठेवायचं आणि संध्याकाळी उरलेलं भाजायचं, असं कधीही करू नका. अर्धवट गरम केलेलं मांस जंतूंना फार मानवतं. पाण्यातून निघालं की थेट जाळीवर.

शिजलं हे कसं ओळखायचं?

अन्नाचं तापमान बघायचा सुईसारखा थर्मामीटर मिळतो. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो एवढ्या तापमानासाठी नसतोच. सुई सॉसेजच्या टोकातून आत मध्यापर्यंत घाला. आकडा ७४ झाला की झालं. प्रत्येक घरी घ्यायची गरज नाही. गटाने मिळून एक घ्यावा आणि ज्या घरी कार्यक्रम तिथे न्यावा.

थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड सॉसेज मधोमध कापा. आतून वाफ निघाली पाहिजे, खिमा घट्ट आणि एकसारखा दिसला पाहिजे, रस स्वच्छ असला पाहिजे. चिकट, लिबलिबीत लागलं तर परत मंद बाजूला. पण नुसत्या गुलाबी रंगावरून ठरवू नका. काही पाकिटांतल्या सॉसेजला रंग टिकवायला नायट्राइट घातलेलं असतं, ते शिजलं तरी गुलाबीच राहतं. आणि लाल मिरची घातलेल्या खिम्याचा रंग तर कळतच नाही. म्हणूनच मी आधी पाण्यात शिजवायचा आग्रह धरते.

कच्च्याचं ताट वेगळं

बरीच आजारपणं भाजण्यातल्या चुकीमुळे होत नाहीत, ताटामुळे होतात. ज्या ताटात कच्चं आणलं त्याच ताटात भाजलेलं काढलं, की केलेली मेहनत पाण्यात. ताटं दोन, चिमटे दोन. कच्च्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, नुसतं पदराला पुसायचं नाही. कच्चं चिकन किंवा सॉसेज नळाखाली धूत बसू नका. शिंतोडे उडून जंतू बाजूच्या कोशिंबिरीवर, भाकरीवर जातात. शिजवल्यानेच ते मरतात, धुतल्याने नाही. कांदा, काकडी, लिंबू आधी चिरून झाकून ठेवा, मगच मांसाला हात लावा.

सोबत काय? आणि कोणाला काय चालतं?

पावच पाहिजे असं नाही. ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, कांदा-काकडीची कोशिंबीर, दही, हे फार छान लागतं. पोटालाही बरं.

वार बघा. आपल्याकडे कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार असतो. श्रावण आणि मार्गशीर्षातले गुरुवार तर सोडाच. म्हणून बेत शक्यतो रविवारी ठेवा.

न खाणाऱ्या माणसांसाठी त्याच शेगडीवर आधी ढोबळी मिरची, पनीर, कणीस, रताळं भाजून घ्या, ते काढून ठेवा आणि मग मांस लावा. जमलं तर जाळीच वेगळी ठेवा. घरची सासू माळकरी असेल तर तिला न विचारता अंगणात चिकन भाजायला घेऊ नका. असल्या बेतावरून घरात भांडण झालं तर खाल्लेलं गोड लागत नाही.

आणखी एक. चुलीपुढे रोज आपणच असतो. या दिवशी तरी चिमटा नवऱ्याच्या, दिराच्या, मुलाच्या हातात द्या. फिरवायचं कसं, कापून बघायचं कसं, ताट वेगळं का, हे त्यांनाही शिकवा. आणि गरम गरम जेवायला तुम्हीही पहिल्या पंगतीला बसा.

आगीशी आणि धुराशी जपून

शेगडी उघड्यावरच. घरात, बंद पडवीत, पत्र्याच्या खोलीत नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. ज्वाळा नसली, नुसते निखारे असले तरी तो निघत असतो. माणूस झोपेतच बेशुद्ध पडतो. जेवण झाल्यावर थंडी वाजते म्हणून उरलेली शेगडी खोलीत नेऊन दार लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पाऊस आला तरी शेगडी आत घेऊ नका. जेवण गॅसवर तव्यावर पूर्ण करा.

अंगावर सुती कपडे घाला. पदर खोचून पिन लावा, ओढणी बांधून घ्या. नायलॉनची साडी लगेच पेट घेते आणि कातडीला चिकटते. शेगडीभोवती मुलांसाठी रांगोळीने किंवा चुन्याने एक रेघ आखा. रेघेच्या आत फक्त भाजणारा माणूस. जवळ पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं ठेवा.

कोणी भाजलंच तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी काढा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काहीही लावू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका आणि दवाखान्यात न्या. मोठं भाजलं असेल तर १०८ ला फोन करा.

राखेखाली निखारा कित्येक तास जिवंत राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता. पूर्ण गार झाल्याशिवाय राख कचऱ्याच्या डब्यात किंवा घंटागाडीत टाकू नका.

कधीतरी ठीक, रोज नको

हे मला सरळच सांगायचं आहे, कारण शाळेच्या डब्यात रोज सॉसेज देणाऱ्या आया आता आपल्याही वस्त्यांमध्ये आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी सांगितलं. ५० ग्रॅम म्हणजे साधारण एक सॉसेज. याचा अर्थ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा खाल्लं म्हणून घाबरायचं नाही. रोजच्या डब्यात मात्र अंडं, उसळ, शेंगदाणे, घरचं चिकन हेच बरं.

मिठाचंही बघा. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. बीपी असलेल्या ताईंनी एकावर थांबावं आणि सोबत पापड-लोणचं घेऊ नये. आणि काळं जळलेलं टोक काढून टाकावं, ते चवीचं नसतं आणि चांगलंही नसतं.

ज्या गटांना ऑर्डर घ्यायची आहे

घरी चार माणसांना खाऊ घालणं आणि पैसे घेऊन ४० जणांना खाऊ घालणं यात फरक आहे. एका ऑर्डरीत माणसं आजारी पडली तर त्या गटाचंच नाही, आपल्या सगळ्या संघाचं नाव जातं. म्हणून हे चार नियम.

*नोंदणी.* अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ प्रमाणे खाद्यपदार्थ विकणाऱ्याला नोंदणी किंवा परवाना लागतो, छोट्या धंद्यालाही. अर्ज फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर करता येतो. ज्यांच्याकडे हुरडा किंवा डब्यांची नोंदणी आहे, त्यांनी मांसाहारी पदार्थ त्यात धरला आहे का ते तपासून घ्या.

*वेळेचा हिशोब.* धरून चला, एका जाळीवर १२ सॉसेज मावतात आणि ६० भाजायची आहेत. म्हणजे पाच फेऱ्या. पाण्यातून काढलेलं असेल तर एका फेरीला सात मिनिटं, एकूण ३५ मिनिटं. सगळी ६० एकदम पाण्यात टाकू नका. पहिली १२ जाळीवर गेली की पुढची पाण्यात असली पाहिजेत. कच्चंच जाळीवर टाकलं तर फेरीला किमान १५-२० मिनिटं लागतात. गिऱ्हाईक घाई करतं आणि मग अर्धं कच्चं ताटात जातं. घाईतच घात होतो.

*थंड ते थंड, गरम ते गरम.* कच्चं बर्फाच्या डब्यातून न्या. भाजलेलं झाकून, हाताला चटका बसेल इतकं गरम ठेवा किंवा लगेच वाढा. दोन तासांनंतर उरलेलं कोणालाही बांधून देऊ नका, आपल्या घरीही आणू नका.

*मजुरी धरा.* भाव सांगताना सॉसेज, कोळसा, बर्फ, भाकरी, रिक्षाभाडं हे सगळ्या जणी धरतात. पण चार ताईंच्या चार तासांची मजुरी बहुतेक वेळा राहून जाते. ती पहिल्या ओळीत लिहा. त्याखाली बाकीचा खर्च आणि त्यावर नफा. मजुरी न धरता आलेला नफा म्हणजे आपलीच मजुरी असते, नाव फक्त बदललेलं.

बैठकीत वाचून दाखवायला

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचा आणि एकमेकींकडून म्हणवून घ्या.

ज्वाळेवर नाही, निखाऱ्यावर.
आधी पाण्यात, मग जाळीवर.
टोचायचं नाही, फिरवायचं.
आत ७४ अंश, नाहीतर कापून बघायचं.
कच्च्याचं ताट वेगळं, भाजलेल्याचं वेगळं.
शेगडी कायम बाहेर.
दोन तासांपेक्षा जास्त उघडं ठेवायचं नाही.
रोज नाही, कधीतरी.

थर्मामीटर गटाच्या पैशातून घ्यायचा का, हा विषय पुढच्या बैठकीत ठेवा. घेतलात तर आलटून-पालटून कोणाकडे राहणार ते रजिस्टरला लिहून ठेवा. आणि ज्या गटांना ऑर्डरीसाठी नोंदणीचा अर्ज भरायचा आहे, त्यांनी आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा घेऊन बैठकीला यावं. आपण बसून मिळून भरू.

– तुमची क्षेत्र समन्वयक